कील सरांचा शेवटचा जॉब

शरद घोडगावकरांना इंदुरात त्यांच्या खऱ्या नावानं ओळखणारी माणसं फार थोडी. बाकी सगळ्यांसाठी ते कील सर. तेहेतीस वर्षं त्यांनी एका सरकारी प्रशिक्षण संस्थेत पोरांना लाकूड आणि पत्रा रंगवायला शिकवलं आणि तेहेतीस वर्षं त्यांच्या शर्टाच्या खिशात पेनाशेजारी एक तीन इंची खिळा, पोरांच्या हिंदीत कील, असायचा. पोरगं जॉब, म्हणजे रंगवायला दिलेला तुकडा, घेऊन टेबलाशी आलं की सर तो आधी उजेडाकडे तिरका धरत, मग त्यावरून डोळे मिटून तीन बोटं फिरवत. बोटांना काही लागलं नाही तर वहीत सही. लागलं, मग ते केसाएवढं का असेना, की खिळा बाहेर निघे आणि जॉबवर या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत दोन रेघा ओढल्या जात. फुली. पुन्हा घासा, पुन्हा रंगवा. पोरगं रडायला लागलं तर सर शांतपणे सांगत की रडायला बाहेर जागा आहे.

ते कधी ओरडले नाहीत, कुणावर हात उगारला नाही. त्यापेक्षा दोन कानाखाली वाजवल्या असत्या तर पोरांनी त्या आनंदानं खाल्ल्या असत्या. पण सरांना राग येतच नसे. त्यांना फक्त खोट दिसे, आणि दिसलेली खोट सोडून देणं त्यांच्या हातून होत नसे. रंग म्हणजे खोट झाकण्याची वस्तू नव्हे, असं ते पहिल्याच दिवशी फळ्यावर लिहीत.

ही शिस्त संस्थेच्या फाटकाशी थांबली असती तर सांगण्यासारखं काही नव्हतं. पण खिसा शर्टाला होता आणि शर्ट रोज घरी येत होता.

घरी सुहासिनी होती, त्यांची बायको. सुदामा नगरातल्या त्या दोन मजली घरात ती चाळीस वर्षांपूर्वी आली, एका मराठी शाळेत शिकवत राहिली, आणि बोटांच्या त्या परीक्षेत तीही बसली, रोज. भांड्याच्या बुडाशी राहिलेला डाग, इस्त्रीची दुमडलेली घडी, भिंतीवर जरा कललेलं कॅलेंडर. त्यात खिळा काढायची सोय नव्हती म्हणून ते नुसतं बोट ठेवत आणि पुढे जात. त्या बोटाची तिला इतकी सवय झाली होती की पोळी लाटतानासुद्धा ती कड आधी स्वतःच्या बोटानं तपासून घ्यायची.

तिच्या धाकट्या बहिणीचं, नीरजाचं लग्न ठरलं तेव्हाची गोष्ट. रुखवतात मांडायला म्हणून सुहासिनीनं एक पाट रंगवायला घेतला. शाळेतून आल्यावर रोज तासभर, असा महिनाभर ती त्या पाटावर बसली. हिरव्या जमिनीवर पिवळी वेल, चारी कोपऱ्यांना मोर. लग्नाच्या आदल्या दिवशी सकाळी तिनं तो पाट नवऱ्याला दाखवला. दाखवला म्हणजे कौतुकासाठीच, दुसरं काय. त्यांनी तो तिरका धरला, बोटं फिरवली, आणि डाव्या कडेला रंगाचा एक बारीक ओघळ सुकला होता तिथे येऊन बोटं थांबली. मग खिशातला खिळा निघाला. लाकडावरून खिळा जातानाचा तो आवाज सुहासिनीच्या दाताखाली आला. चार माणसं बघणार आहेत, त्यांना खोट दाखवायची का, एवढंच ते म्हणाले. नीरजाच्या रुखवतात त्या दुपारी बाजारातून आणलेला स्टीलचा डबा मांडला गेला.

पाट सुहासिनीनं टाकला नाही. ती त्याच्यावर बसून पूजा करू लागली. अठ्ठावीस वर्षं, रोज, त्या फुलीवर बसून.

नचिकेत तेव्हा चार वर्षांचा होता. त्याची पाळी अकराव्या वर्षी आली. शाळेच्या प्रदर्शनासाठी त्यानं प्लायवूडचं जहाज कापलं होतं, निळं रंगवलं होतं. प्रदर्शनाला निघताना, सकाळी पावणेसातला, पायात बूट घातलेले, बाबांनी ते त्याच्या हातातून घेतलं. नचिकेत रडला नाही. फुली मारलेलं जहाज त्यानं दप्तरात घातलं, शाळेत नेलं आणि तसंच टेबलावर मांडलं. बाईंनी विचारलं हे काय, तर म्हणाला डिझाइन आहे. त्या दिवसापासून बापाला काही म्हणून दाखवायचं नाही हे त्यानं ठरवलं आणि पाळलं. मार्कशीट आईकडे, नोकरीचं पत्र आईकडे. पुण्यात तीन वर्षं काढून तो परत इंदूरला आला, विजय नगरातल्या एका सॉफ्टवेअर कंपनीत लागला, त्याच घरात वरच्या खोलीत राहू लागला. बापाशी बोलणं व्हायचं ते गॅस सिलिंडर आणि नळाच्या पाण्याबद्दल.

सर निवृत्त झाले आणि दोन वर्षांत त्यांचा उजवा हात थरथरायला लागला. डॉक्टरांनी कंपवात सांगितला. आधी चहाची बशी वाजू लागली, मग सही बदलली, मग दाढी करताना रोज कुठेतरी कापू लागलं. ज्या बोटांना केसाएवढी खोट कळायची त्या बोटांना शर्टाचं बटण कळेना. सुहासिनी बटणं लावून द्यायची. लावताना रोज तिच्या हाताला खिशातला खिळा लागायचा. तो मात्र त्यांनी काढला नव्हता.

मागच्या उन्हाळ्यात नचिकेतनं गच्चीवरच्या पत्र्याच्या शेडमध्ये गिटार बनवायला घेतली. विकत नाही, बनवायची. इलेक्ट्रिक. ऑफिसातले दोन मित्र आणि तो मिळून वाजवायचे, त्याला स्वतःच्या हातची हवी होती. लाकडाच्या वखारीतून शिवणीची जाड फळी आणली, कागदावर आकार काढला, दर शनिवार-रविवार कापत, तासत, घासत बसला. सुहासिनी चहा घेऊन वर जायची तेव्हा तिला दर वेळी तेच दिसायचं, नचिकेत पाठमोरा, आणि जिन्याच्या शेवटच्या पायरीवर उभे असलेले शरदराव. ते आत जात नसत. आपल्याला कुणी बोलावलेलं नाही हे त्यांना ठाऊक होतं. पण धुळीच्या वासावरून कितव्या नंबरचा पॉलिश पेपर चाललाय ते त्यांना कळत असावं, कारण मधूनच त्यांचा थरथरता हात हवेतल्या हवेत घासल्यासारखा हलायचा.

त्यांना काय हवं होतं हे सुहासिनीला आरपार दिसत होतं. त्यांना ती गिटार रंगवायची होती. हात पुरता जाण्याआधी एक शेवटचा जॉब, आणि तोही मुलानं दिलेला. हे त्यांनी तोंडातून काढलं नसतं, जीव गेला तरी.

नचिकेतनं लाकडाचं काम संपल्यावर गिटार सरळ भूषणच्या दुकानात नेली. भूषण हा सरांचा जुना विद्यार्थी, आता त्याचं गाड्यांच्या डेंटिंग-पेंटिंगचं मोठं दुकान आहे. त्यानं कापडात गुंडाळलेलं लाकूड उघडून पाहिलं, कुणाच्या घरचं ते ऐकलं आणि पुन्हा गुंडाळून परत केलं. "सर के घर का जॉब है भिया, मैं हाथ नहीं लगाऊँगा." वर स्वतःचा कॉम्प्रेसर मात्र टेम्पोत घालून घरी पोचता केला. सरांच्या पाया पडला, आणि जाताना जिन्यात सुहासिनीला हसत सांगून गेला की माझ्या चौदा जॉबवर सरांनी कील मारली होती, पंधरावा पास झाला, आज जे आहे ते त्या चौदांमुळे. सुहासिनीही हसली. ज्यांनी चौथ्याच फुलीला संस्था सोडली ती पोरं आज कुठे आहेत, हे तिला विचारावंसं वाटलं, पण कुणाला विचारणार.

कॉम्प्रेसर घरात येऊन पडला, आता टाळता येण्यासारखं राहिलं नाही. रात्रीचं जेवण चालू असताना नचिकेत ताटाकडे बघत म्हणाला, "बाबा, करा मग तुम्हीच. पांढरा पाहिजे, एकदम दुधासारखा. पण पास-फेल मी ठरवणार. तुमच्याच रूलनं."

शरदरावांचा घास हातात राहिला. मग त्यांनी डाव्या हातानं खिशातून खिळा काढला आणि टेबलावरून मुलाकडे सरकवला.

"असंच पाहिजे," ते म्हणाले.

त्यानंतरचे पंधरा दिवस शरदराव सुखात होते, असं म्हटलं तरी चालेल. सियागंज बाजारातून त्यांनी स्वतः जाऊन सामान आणलं, रिक्षानं, एकटे. लाकडाच्या रेषा भरल्या, सीलर लावला, वर पांढऱ्या सरफेसरचे, म्हणजे अस्तराचे, तीन हात दिले. घासताना हात थरथरला तर डाव्या हातानं उजवं मनगट धरून घासत. जो भाग भूषणचा पोऱ्या दहा मिनिटांत उरकेल त्याला त्यांचे दोन तास जात. सुहासिनी बटणं लावायला गेली तर म्हणायचे, राहू दे, वर शर्ट कोण बघतंय. घरातल्यांना एकच ताकीद होती. सरफेसर उघडा आहे, त्याला कुणी हात लावायचा नाही. नुसत्या बोटाचं तेलसुद्धा रंगाला चालत नाही.

अस्तराचं काम संपलं तेव्हा दसरा एका दिवसावर आला होता. पांढरा रंग शुक्रवारी, दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी मारायचा ठरला, आणि रविवारी नचिकेत जॉब तपासणार होता.

दसऱ्याला घरातली सगळी हत्यारं पुजायची हा सुहासिनीचा दरवर्षीचा नेम. शिलाई मशीन, कात्र्या, विळी, नचिकेतचा लॅपटॉप, स्कूटर, आणि शरदरावांची रंग फवारायची गन. शरदराव आंघोळीला गेले होते, नचिकेत झेंडूची फुलं आणि आपट्याची पानं आणायला बाहेर पडला होता. ती पूजेचं ताम्हण हातात घेऊनच गन आणायला वर गेली. शेडमध्ये दोन स्टुलांवर गिटारचं अंग आडवं ठेवलेलं होतं, पांढरं, कोरं. तिला ते फार सुंदर दिसलं. नवऱ्यानं आणि मुलानं मिळून केलेली घरातली ही पहिली वस्तू. तिच्या मनात आलं की हिचीही पूजा व्हायला हवी, मशीनची होते तर हिची का नको. ताम्हणातलं ओलं कुंकू बोटावर घेऊन तिनं बरोबर मधोमध स्वस्तिक काढलं. चार ठिपके दिले. नमस्कार केला आणि यांचा हात उद्या स्थिर राहू दे असं मागितलं. त्या क्षणी तिच्या मनात तसूभरही वाकडं नव्हतं, हे मानायलाच हवं.

न्हाणीघराची कडी वाजली आणि तिला ताकीद आठवली. तिनं पदर कोपऱ्यातल्या बादलीतल्या पाण्यात बुडवून स्वस्तिक पुसलं. पुसलं तर गुलाबी फराटा उमटला. कुंकू बाजारचं, पक्क्या रंगाचं, कपड्याला लागलं तर कपडा जन्मभर मिरवतो. तिथेच पडलेला पॉलिश पेपरचा झिजलेला तुकडा घेऊन तिनं घाईघाईनं घासलं. रंग फिका झाला, आणखी घासल्यावर दिसेनासा झाला. पांढऱ्यावर पांढरंच तर बसणार आहे, तिनं स्वतःला समजावलं आणि गन उचलून खाली आली. पूजा झाली, सोनं वाटलं, श्रीखंड-पुरी झाली.

शुक्रवारी नचिकेत ऑफिसला गेल्यावर शरदरावांनी शेडचे पडदे सोडले, फरशीवर पाणी शिंपडलं, तोंडाला फडकं बांधलं. सुहासिनी दाराशी उभी राहिली. त्यांनी गिटारच्या अंगावरून बोटं फिरवली, डोळे मिटून, पूर्वीसारखी. ती बोटं नेमकी मधोमध आली. बोटं पुढे गेली. त्यांना काहीच कळलं नव्हतं.

मग त्यांनी जे केलं ते बघायला त्यांची तेहेतीस बॅचेसची पोरं हवी होती. गन त्यांनी छातीशी घट्ट धरली, कोपर बरगडीला टेकवलं आणि हात हलवलाच नाही. सगळं अंगच डावीकडून उजवीकडे नेलं, पाय सरकवत, एका लयीत, आणि परत उजवीकडून डावीकडे. थरथर होती, पण ती सगळ्या अंगात वाटली गेली होती, गनच्या तोंडापर्यंत पोचत नव्हती. पहिला हात बसला तो दुधावरच्या सायीसारखा. सुहासिनीला रडू आलं. इतक्या वर्षांत या माणसाचा अभिमान तिला इतका कधी वाटला नव्हता, आणि तोही तिनं तिथे उभं राहून मनापासून वाटू दिला.

तासाभरानं दुसरा हात. तो ओला असतानाच मधोमध काहीतरी दिसलं. आधी सावली वाटली. मग ती गुलाबी झाली. रंगातल्या थिनरनं खालचं कुंकू विरघळवून वर ओढून आणलं होतं. तळहाताएवढा डाग, पांढऱ्याच्या आतून चढत आलेला.

 फडकं खाली ओढून शरदरावांनी वळून विचारलं, "सुहास, याला कुणी हात लावला होता का?"

"नाही," ती म्हणाली.

भीतीनं म्हणाली. चाळीस वर्षांची सवय होती, जीभ आपोआप वळली. आणि त्यांनी लगेच मान डोलावली. ती आजवर त्यांच्याशी कधी खोटं बोलली नव्हती, तेव्हा तिच्यावर अविश्वास दाखवायचं त्यांच्या मनातही आलं नाही. खोट हातांत शोधायची, माणसांत नाही, असा त्यांचा हिशेब.

हातांत खोट शोधली की ती सापडतेच. दोन वर्षांपूर्वी याच गननं त्यांनी कॉलनीतल्या मारुतीच्या देवळाचं फाटक लाल रंगवलं होतं. म्हणजे तेव्हा गन नीट धुतली गेली नाही. सुईमागे कुठेतरी लाल साचून राहिला आणि गन आज थुंकली. अशा मळक्या गनपायी त्यांनी पोरांना अख्खं वर्ष नापास केलं होतं. त्यांनी डाग घासला, पुन्हा पांढरं मारलं. डाग पुन्हा आला. शनिवारी सकाळी पुन्हा. पुन्हा आला, जरासा पसरून. दर वेळी नवा थर बसला की दहा मिनिटं सगळं शुभ्र असायचं आणि त्या दहा मिनिटांत त्यांच्या चेहऱ्यावर जी आशा यायची ती सुहासिनी दाराशी उभी राहून बघायची.

सांगायला काय लागणार होतं? एक वाक्य. मी कुंकू लावलं होतं. त्यांना त्यावर उपाय ठाऊक असणार, डाग आतच बांधून टाकणारं काहीतरी त्या लोकांकडे असतंच. रविवारपर्यंत वेळही होता. ती दर वेळी जिना चढायची ती हे वाक्य तोंडात घेऊन, आणि दर वेळी ते तसंच परत खाली आणायची. भीती केव्हाच गेली होती. जे उरलं होतं त्याचं नाव तिला शनिवारी संध्याकाळी कळलं.

शरदरावांनी जेवणाच्या टेबलावर वर्तमानपत्र पसरून गन खोलली होती. थिनरच्या वाटीत सुई, नोझल, स्प्रिंग. थरथरत्या बोटांतून सुई तीनदा खाली पडली, तीनदा ते टेबलाखाली ओणवे झाले. वाटीतला थिनर स्वच्छच होता, त्यात लालाचा टिपूसही नव्हता. त्यांनी वाटी उजेडाकडे धरली, मग तिच्याकडे बघितलं. डोळे एखाद्या फुली मारलेल्या पोरासारखे झाले होते.

"सुहास, जरा आठवून सांग. कुणी ओल्या हातानं, चुकून... काहीच नाही?"

ती कणीक मळत होती. तिनं हात थांबवला नाही. "अहो, सांगितलं ना एकदा. तुमच्याच हातून राहिलं असेल काहीतरी."

त्यांनी आपल्या हातांकडे पाहिलं. मग वाटी खाली ठेवली. त्या खाली ठेवण्यात थिनर सांडला, वर्तमानपत्रावर पसरला, आणि सुहासिनीला आतून बरं वाटलं. हो, बरं वाटलं, दुसरा शब्द नाही. नीरजाच्या लग्नापासून कुठेतरी अडकून बसलेलं काहीतरी सुटून मोकळं झालं. तिनं पोळ्या केल्या, त्यांना वाढल्या, भाजीत मीठ कमी तर नाही ना असंही विचारलं.

रविवारी अकराच्या सुमाराला नचिकेत वर आला. शेडचे पडदे त्यानं सरकवले, गिटारचं अंग उचलून उन्हाकडे तिरकं धरलं. कुणी शिकवल्याशिवाय, अगदी तसंच. कडा पाहिल्या, पाठ पाहिली. काम अव्वल होतं आणि ते त्याला दिसत होतं. मधला डाग आता फार ठळकही नव्हता, पाच थरांखालून आलेली फिकी गुलाबी झाक. दुसरा कुणी म्हणाला असता, चालतंय की, वरून पिकगार्डची प्लास्टिकची पट्टी बसवली तर निम्मं झाकून जाईल.

शरदराव स्टुलाशेजारी उभे होते, पाठ सरळ, उजवा हात डाव्या हातात धरून. त्यांनी सबब दिली नाही, गनचं नाव काढलं नाही. सुहासिनी दारात होती. तिला एकाच वेळी दोन्ही हवं होतं. मुलानं हसून सोडून द्यावं, आणि त्यानं सोडू नये.

नचिकेतनं बोटं फिरवली. मग जीन्सच्या खिशातून खिळा काढला. एकदा त्यानं आईकडे पाहिलं, आणि ती काही बोलेल म्हणून क्षणभर थांबलाही. ती बोलली नाही. खिळा टेकला, आणि वरच्या शिंगासारख्या टोकापासून खालच्या गोलाईपर्यंत पहिली रेघ गेली. तोच तो आवाज. पांढऱ्याचा बारीक चुरा उडाला. मग दुसरी.

शरदरावांनी वाकून फुली पाहिली. "दुसरी रेघ वाकडी आलीय," ते म्हणाले.

 खिळा स्टुलावर टाकून नचिकेत खाली गेला, स्कूटर काढून निघून गेला. कृष्णपुऱ्याच्या छत्र्यांपाशी, नदीकाठच्या त्या जुन्या दगडी समाध्यांपाशी, दोन तास बसून होता, हे त्यानं नंतर आईला सांगितलं. एकवीस वर्षं वाट पाहून केलेली गोष्ट दोन सेकंदांत संपते आणि नंतर करायला काही उरत नाही, असंही काहीसं म्हणाला.

शरदराव वरच राहिले. पाण्याची बादली घेतली, पेपर घेतला आणि घासायला बसले. जॉब नापास झाला की लाकडापर्यंत उतरवायचा, हाही त्यांचाच नियम. जेवायला आले नाहीत. दुपारी तीनला सुहासिनी चहा घेऊन वर गेली तेव्हा ते घासायचे थांबले होते आणि गिटारचं अंग मांडीवर घेऊन बसले होते. वरचे पाच थर उतरले होते. खालचा सरफेसर लागला होता, ओला, आणि त्यावर पांढऱ्या राडीतून, अस्तरात मुरलेलं ते स्वस्तिक स्वच्छ वर आलं होतं. चार हात, चार ठिपके. तिच्या बोटाच्या जाडीचं.

चहाचा कप तिनं स्टुलावर ठेवला. तो वाजला. 

"विचारलं तेव्हा नाही म्हणालीस," शरदराव म्हणाले. आवाजात राग नव्हता. तो असता तर तिला सोपं गेलं असतं.

"तेव्हा भीती वाटली."

"आणि काल? दुसऱ्यांदा विचारलं तेव्हा?"

पाटाबद्दल बोलायचं तिनं अठ्ठावीस वर्षं मनात मांडून ठेवलं होतं, शब्दन् शब्द. त्यातलं एकही वाक्य तोंडाशी आलं नाही. "दुसऱ्यांदा भीती नव्हती," ती म्हणाली.

त्यांनी मान डोलावली. पोरानं अचूक उत्तर दिलं की डोलवायचे तशी. मग ते पुन्हा त्या स्वस्तिकाकडे बघत राहिले. त्यावरून त्यांनी बोट फिरवलं, कडेकडेनं, चारी हातांवरून, आणि ते बोट इतकं हलत होतं की एकाही रेघेवर नीट राहत नव्हतं.

"नचिकेतला सांगू नकोस," ते म्हणाले. "जॉबमध्ये खोट होती. त्यानं बरोबर केलं."

स्टुलावरचा खिळा त्यांनी उचलला, दोन प्रयत्नांत. पुढे केला. तिनं हात पुढे करेपर्यंत तो त्यांच्या बोटांत थडथडत राहिला.

"हा आता तू ठेव."

ती गिटार पुढे भूषणनं रंगवली, काळी. सरांनीच ती त्याच्याकडे पाठवली, आपल्याला जमलं नाही असा निरोप देऊन, तेव्हा त्याला नाही म्हणता आलं नाही. नचिकेत ती वाजवतो, बरी वाजते. वाजवताना कधीकधी मध्येच थांबतो आणि बाबा कुठे आहेत असं आईला विचारतो. बाबा खाली खुर्चीत बसलेले असतात, गच्चीवर ते पुन्हा गेले नाहीत. कॉम्प्रेसर परत गेला, गन भंगारवाल्याला दिली. बटणं लावताना आता सुहासिनीच्या हाताला काही लागत नाही.

खिळा देवघरात आहे, कुंकवाच्या कोयरीशेजारी. ती रोज सकाळी फुलीच्या पाटावर बसते, देव पुसते, खिळाही पुसते. त्याला गंज चढू देत नाही. नचिकेतला तिनं अजून सांगितलेलं नाही.